रिप्लेस ऑल!

आमच्या फील्डमध्ये सगळ्यात जपून वापरायची वस्तू कोणती, असं कुणी विचारलं तर मी मशीनचं नाव घेणार नाही. लायसन्स! पीएलसी प्रोग्रॅम करायचं सॉफ्टवेअर ऑफिसच्या एकाच लॅपटॉपवर, आणि त्या लॅपटॉपवर डोळा ठेवून बसलेले आम्ही चार इंजिनिअर. एकजण चाकणला साइटवर गेला की बाकीचे तिघे चहा पीत बसणार. बॉसला वाटतं, पोरं टाइमपास करतात. अहो, करणार काय?

ज्यांना पीएलसी माहीत नाही त्यांच्यासाठी एक ओळ. कारखान्यात कुठला पंप कधी सुरू करायचा, कुठला व्हॉल्व्ह कधी उघडायचा हे ठरवणारा तो डबा. १९६८ मध्ये डिक मोर्ली या अमेरिकन इंजिनिअरनं त्याची कल्पना कागदावर मांडली. त्याआधी हेच काम रिलेंनी भरलेली कपाटं करायची. त्या कपाटांची सवय झालेल्यांसाठी पीएलसीचा प्रोग्रॅम बरेचदा शिडीसारख्या चित्रात काढतात, म्हणून ती ‘लॅडर’. पण १९९३ मध्ये या भाषांचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आलं, आणि त्यात ‘स्ट्रक्चर्ड टेक्स्ट’ नावाची एक चक्क लिहायची भाषा आहे. इफ, देन, एन्ड इफ. सगळं टाइप करायचं.

आणि टाइपच करायचंय तर महागडं सॉफ्टवेअर कशाला?

हा साक्षात्कार मला झाला तेव्हा माझ्या स्वतःच्या जुन्या लॅपटॉपवर नोटपॅड प्लस प्लस होतंच. डॉन हो नावाच्या प्रोग्रामरनं २००३ मध्ये बाहेर आणलेलं, आजही फुकट, आयकॉनवर हिरवा सरडा. अर्ध्या मिनिटात उघडतं, लॅपटॉपचा पंखा बोंबलत नाही. त्याला पीएलसीची भाषा येत नाही, पण शिकवता येते. ‘युजर डिफाइन्ड लँग्वेज’मध्ये जाऊन आपले शब्द भरायचे की इफ-देन निळे, कॉमेंट हिरव्या. ऑल्ट दाबून माउस ओढला की उभी पट्टी सिलेक्ट होते. चोवीस अलार्मना ओळीनं नंबर द्यायचे असतील तर दोन सेकंदांचं काम! लिहून झालं की फाइल ऑफिसच्या लॅपटॉपवर न्यायची, तिथून ‘एक्स्टर्नल सोर्स’ म्हणून आत घ्यायची आणि कंपाइल. सीमेन्सच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे. लॅडरचं चित्र असं बाहेर बसून काढता येत नाही, तेवढं एक सोडा.

तर एप्रिल २०१९. साइट सोलापूर, म्हणजे माझंच गाव. टॉवेलच्या सुताला रंग देणारा एक प्लांट, दोन डाइंग मशीन, दोन्हींना मिळून एक पीएलसी. मी पुण्याहून संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये बसले आणि दौंड यायच्या आत सरडा उघडला. पहिल्या मशीनचा वाफेचा ब्लॉक तयार होता. दुसऱ्यासाठी फक्त कॉपी करून नावं बदलायची. पहिल्याचा वाफेचा व्हॉल्व्ह व्ही१, दुसऱ्याचा व्ही२. पहिल्याचा ड्रेन व्ही१०, दुसऱ्याचा व्ही११. ब्लॉकमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ अशी, की ड्रेन उघडा असेल तर वाफ उघडायची नाही. कारण उघडं आहे. मशीन रिकामं होत असताना वाफ सोडली तर ती ड्रेनच्या वाटेनं बाहेर येणार, आणि ड्रेनच्या गटाराशी कुणी ना कुणी झाडू घेऊन उभा असतोच.

फाइंडमध्ये व्ही१, रिप्लेसमध्ये व्ही२. ‘मॅच होल वर्ड’ला टिक होती. बटण दाबलं तर ‘व्ही१_ओपन’, ‘व्ही१_क्लोज’ जसेच्या तसे. अंडरस्कोअर हेही एडिटरच्या हिशेबी अक्षरच, त्यामुळे त्याला ‘व्ही१_ओपन’ हा एक सलग शब्द वाटतो. मग काय, टिक काढली. रिप्लेस ऑल! सगळे व्ही१ गेले. मग व्ही१० च्या जागी व्ही११ करायला गेले तर खाली मेसेज आला, शून्य ठिकाणी बदल. मला वाटलं, मघाशीच केलं असेल. कुर्डुवाडी आली होती, शेजारच्या काकूंनी शेंगाचटणी-भाकरी पुढे केली होती. लॅपटॉप मिटला.

काय झालं ते तुमच्या लक्षात आलं असेल. व्ही१० मध्येही व्ही१ आहे! त्याचा झाला व्ही२०. आणि व्ही२० नावाचा व्हॉल्व्ह प्लांटमध्ये खरंच होता, तिकडे लांब पाण्याच्या टाकीवर, बहुतेक वेळ बंद. त्यामुळे कंपाइलला एकही एरर नाही. दुसऱ्या मशीनची वाफ आता भलत्याच टाकीला विचारून उघडणार होती. एडिटरला काय दोष द्यायचा? त्याला अक्षरं कळतात, वाफ कळत नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रायल. बाहेर सोलापूरचं ऊन, आत डाइंग हॉल, मी घामानं ओलीचिंब. तिथले ऑपरेटर पूर्व भागातले, घरी तेलुगू बोलणारे, निम्मं आयुष्य वाफेत काढलेले. मी त्यांना मामा म्हणायचे. त्यांनी सकाळीच हेडरवरचा हाताचा व्हॉल्व्ह गच्च बंद करून टाकला होता.

“पहिल्या दिवशी मी वाफ देत नसतो मॅडम. कोण का इंजिनिअर असंना.”

मला थोडा रागच आला होता, खोटं कशाला सांगू.

दुपारी दुसऱ्या मशीनचा ड्रेन उघडला, सायकल पुढे सरकली आणि वरच्या बाजूला हवेचा ‘फुस्स’ आवाज आला. स्क्रीनवर मी दुसरंच काहीतरी बघत होते. मामांनी मान वर केली.

“दोन नंबरची वाफ उघडली की हो. ड्रेन तर उघडाच आहे.”

गटाराशी एक पोरगं पाणी ढकलत होतं. पायात स्लिपर. हेडर बंद नसता तर... पुढचा विचार मी तेव्हाही पूर्ण केला नाही, आताही करत नाही. पाय लटपटत होते एवढं आठवतं. मामांनी कुणाला हाक मारली नाही, मॅनेजरला सांगितलं नाही. “चहा घ्या,” म्हणाले, “मग शोधा.”

शोधायला मला तासभर लागला. कारण आपण लिहिलेलं आपल्याला बरोबरच दिसतं.

रात्री घरी जेवताना मी अण्णांना सगळं सांगितलं. माझे वडील चादरीच्या जकार्डसाठी भोकांचे पुठ्ठे बनवायचे. सोलापुरी चादरीवरचं डिझाइन म्हणजे अशा पुठ्ठ्यांची माळ. आडव्या धाग्याच्या एका फेरीला एक पुठ्ठा, भोक असेल तिथला उभा धागा वर. एक भोक चुकलं की प्रत्येक चादरीवर त्याच जागी तोच डाग. म्हटलं तर तोही प्रोग्रॅमच, आणि पीएलसीहून दीडशे वर्षांनी जुना.

“नवा पुठ्ठा झाला की तुम्ही वाचून बघायचात का हो?” मी विचारलं.

“वाचून काय दिसतंय बे?” अण्णा हसले. सोलापुरात ‘बे’ मुलीलाही चालतो. “जुना खाली, नवा वर, अन् दोन्ही उजेडाला धरायचे. जिथून उजेड येत नाही तिथं चूक.”

मी जेवण अर्धवट टाकून लॅपटॉप उघडला. नोटपॅड प्लस प्लसला ‘कंपेअर’ नावाचं प्लगइन आहे, तेही फुकट. दोन फाइली शेजारी शेजारी ठेवते, फरक असलेल्या ओळी रंगवते. माझ्याकडे कित्येक महिने पडून होतं. पहिल्या मशीनचा ब्लॉक डावीकडे, दुसऱ्याचा उजवीकडे. रंगलेली प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचायची आणि अण्णांना सांगायचं की ही का वेगळी आहे. सांगता आलं नाही तर थांबायचं. अण्णांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण एका ओळीला मी अडखळले तेव्हा त्यांनीच विचारलं, “हितं का थांबलीस?” तिथे आणखी एक चूक होती. छोटी, पण होती.

मग सगळी नावं बदलली. व्ही१ नाही, व्ही०१. दोन आकडी नाव असलं की व्ही०१ कधी व्ही१० च्या पोटात सापडत नाही. पहाटेचे अडीच वाजले. आई दोनदा ओरडून गेली.

सकाळी नवा प्रोग्रॅम टाकला. ड्रेन उघडा ठेवून दोन्ही मशीनची वाफ दहा-दहा वेळा मागून बघितली. एकदाही ‘फुस्स’ नाही. मामा वर बघत उभे होते, कान देऊन. मग ते हेडरकडे गेले, चाकावर हात ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले,

“आता देऊ का?”

मी आधी गटाराकडे बघितलं. तिथे कुणी नव्हतं. मग मान हलवली.