ढोलकीची थाप आणि केळनेचा काठ

पोटासाठी कारखाना आणि मनासाठी कॅमेरा, अशी आमची हौस. भीमजयंतीच्या दिवसांत जालन्याच्या वस्त्यांत गायनपार्टीचे कार्यक्रम रंगतात, तेव्हा आम्ही स्टेजच्या कडेला ठाण मांडतो. गायकाच्या डोळ्यांवर फ्लॅश मारायचा नाही, हा आमचा नियम. हॅलोजनच्या उजेडात शटर १/६० वर ठेवले की चेहरा स्वच्छ येतो, ढोलकीवाल्याचा हात मात्र पुसट. पण त्या पुसटपणातच थाप दिसते!

यंदा रात्रीचा कार्यक्रम संपल्यावर पहाटेच्या एस.टी.ने भोकरदन गाठले. केळना नदीचा काठ, नांगरून पडलेली काळी रानं, त्यावर कोवळे ऊन. मन भरेपर्यंत फोटो काढले. हे गाव म्हणजे प्राचीन भोगवर्धन. १९७३ च्या उत्खननात इथे हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तशीच एक इटलीतल्या पॉम्पेईत मिळालेली आहे. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्या भोगवर्धनकरांची नावे तिथल्या दगडावर कोरलेली आहेत. दोन हजार वर्षे झाली, नावे टिकली.

महाकवी वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांचे नाव घरोघरी आहे. पण वस्तीतल्या ढोलकीवाल्याचे, कोरसमधल्या ताईचे नाव कोण सांगणार? म्हणून आम्ही प्रत्येक फोटोमागे नाव, गाव, वाद्य, तारीख लिहिली आणि प्रती घरपोच दिल्या. एका वादकाच्या घरी तो वाजवतानाचा पहिलाच फोटो ठरला.

वाचकहो, तुमच्या मोबाईलमध्येही असे फोटो असतील. पुसून टाकण्याआधी नावे लिहून घ्या.