हृदयाची साक्ष

शेणाची गोळी ढकलीत नेणारा शेणकिडा पाहून मी नेहमीं नाक मुरडीत असें. प्राचीन मिसरी लोकांनीं मात्र त्यांत प्रातःकाळीं सूर्यबिंब पुढें लोटणारा खेप्री देव पाहिला. गोळींतून नवे किडे निघत, म्हणून तो त्यांना पुनर्जन्माची खूण वाटला. मृताच्या छातीवर ते बहुधा हिरव्या दगडाचा शेणकिडा ठेवीत. परलोकीं हृदय सत्याच्या पिसाशीं तोललें जातांना त्यानें धन्याविरुद्ध साक्ष देऊं नये, अशी विनवणी त्याच्या पोटावर कोरलेली असे.

हें वाचतांच परीक्षेंत शेजाऱ्याच्या कागदावरून उतरून घेतलेलें एक गणित मला आठवलें. गुरुजींना तें कळलें नव्हतें. पण माझ्या साक्षीदाराला गप्प बसविणारा दगड मीं कोठून आणावा? दुसऱ्याच दिवशीं मीं गुरुजींना सारें सांगून टाकलें.