करून देणे आणि करू देणे

नागपूरच्या इतवारीतील एका जुन्या किराणा व्यापाऱ्याच्या घरी सायंकाळच्या भोजनाची घाई नित्याचीच होती. सूर्यास्तापूर्वी ताटे उठली पाहिजेत, हा त्या घराचा पिढ्यान्‌पिढ्यांचा नेम. मे महिन्याच्या ऐन उन्हाळ्यात घरातील कर्त्या बाबूजींना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला, जीभ जड झाली. तीन आठवड्यांनी ते रुग्णालयातून घरी परतले, तेव्हा सायंकाळच्या घाईत आणखी एका कामाची भर पडली. धाकटी सून घास करून भरवी, बाबूजी मुकाट्याने तोंड उघडत आणि पंधरा मिनिटांत ताट रिकामे होई. आपण सेवेत कोठेही उणे पडत नाही, असे साऱ्या घराला वाटत होते.

या घरी आठवड्यातून तीन दिवस एक उपचार सहायिका येऊ लागली. ती स्वतः गांधीबागेतील एका कापड व्यापाऱ्याची सून. फिजिओथेरपिस्ट आणि व्यवसायोपचारतज्ज्ञ रुग्णाला तपासून उपचारांचा आराखडा ठरवतात. तो घरी येऊन रुग्णाकडून नियमाने करवून घेणे, प्रगतीची नोंद ठेवणे आणि काही वेगळे दिसताच तज्ज्ञांना कळवणे, एवढे सहायिकेचे काम. आराखडा आपल्या मनाने बदलण्याचा अधिकार तिला नाही. काम दिसायला लहान आहे; परंतु रुग्णाच्या घरात, त्याच्या माणसांमध्ये सर्वाधिक वेळ घालवणारी तीच असते.

पहिल्या दिवशी तिने व्यायाम फारसा घेतला नाही. ती नुसती पाहत राहिली. मोठा मुलगा बाबूजींना उजव्या हाताला धरून उठवत होता, ते तिने तेथल्या तेथे थांबवले. ताकद गेलेल्या हाताचा खांदा सैल पडलेला असतो. तो ओढला तर सांधा निसटतो आणि मागे लागलेले दुखणे महिनोन्‌महिने जात नाही. सदरा घालताना अधू हात आधी बाहीत घालावा आणि काढताना धडधाकट हात आधी काढावा, हेही तिने दाखवले. हे सारे घरच्यांनी मान्य केले. मतभेद झाला तो भोजनाच्या वेळी.

“काकू, बाबूजींचा डावा हात चांगला आहे. गिळण्याची तपासणीही झाली आहे. मग घास दुसऱ्याने का भरवायचा?” तिने विचारले.

काकूंना ते लागले. “घरात दोन सुना असताना यांनी डाव्या हाताने चाचपडत जेवायचं? पाहणारे काय म्हणतील? आणि दिवस मावळायच्या आत त्यांचं जेवण आटोपेल तरी का?”

प्रश्न खोटा नव्हता. नेमही खरा होता आणि मायाही खरी होती. पण त्या मायेमुळेच बाबूजींच्या वाट्याचे एकेक काम त्यांच्याकडून निघून चालले होते. पक्षाघातात मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा खंडित होऊन तो भाग निकामी होतो. शाबूत भागांना त्याचे काही काम शिकवता येते, परंतु ते शिक्षण माणसाने स्वतः पुनःपुन्हा करून पाहण्यातूनच मिळते. सुरुवातीचे महिने त्यासाठी सर्वांत मोलाचे असतात, आणि नेमक्या त्याच महिन्यांत घरची मंडळी रुग्णाला काही करू देत नाहीत.

सहायिकेने नेम मोडायला सांगितले नाही. ताट एक तास आधी वाढायला सांगितले. थाळी सरकू नये म्हणून खाली ओला रुमाल ठेवला, चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड केला, आणि लुळा उजवा हात मांडीवर लोंबू न देता थाळीशेजारी टेकवून ठेवला. पहिल्या दिवशी बाबूजींना जेवायला पन्नास मिनिटे लागली. निम्मी डाळ सदऱ्यावर सांडली. काकू उठून आत गेल्या. पण ताट दिवस मावळण्यापूर्वी उठले होते.

तिच्या स्वतःच्या घरीही सारे सोपे नव्हते. आपल्या सुनेने परक्या घरी जाऊन परक्यांचे हातपाय हलवावेत, हे सासूबाईंना रुचत नसे. त्याच सासूबाई आजारी साध्वीजींच्या सेवेसाठी मात्र रात्र रात्र जागत; वैयावृत्त्य हे आभ्यंतर तप आहे, असे सुनांना सांगत. तप तेच, केवळ घर बदलले की ते हलके काम कसे ठरते, हा प्रश्न सुनेने कधी बोलून दाखवला नाही. नागपूरला तो नवाही नाही. तरुणपणीच वैधव्य आलेल्या कमलाताई होस्पेट यांनी याच शहरात परिचारिकेचे शिक्षण घेतले, आणि १९२१ मध्ये वेणूताई नेने यांच्यासह मातृसेवा संघ उभा केला. कुलीन स्त्रीने असले काम करावे का, असे विचारणारा तो काळ होता.

व्यवसायोपचाराची मुळेही अशाच हातांनी रोवली. अमेरिकेत जन्मलेल्या आणि मराठी घरची सून झालेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात या विद्येचे देशातील पहिले विद्यालय सुरू केले. माणसाला रोजच्या कामातूनच बरे करायचे, हा या विद्येचा गाभा. नागपूरहून वरोऱ्याला गेले की बाबा आमटे यांचे आनंदवन लागते. तेथेही १९४९ पासून महारोगी सेवा समितीने कुष्ठरुग्णांना केवळ मलमपट्टी देऊन बसवून ठेवले नाही. त्यांच्या हातांना शेती दिली, करघे दिले.

इतवारीत सहायिकेने एके दिवशी बाबूजींना विचारले, “बाबूजी, तुम्हाला स्वतःला काय करावंसं वाटतं?” आजारपणात हे त्यांना कोणी विचारलेच नव्हते. बराच वेळ ओठ हलत राहिले. मग शब्द आले, “दिवाळीला... वही.”

दुकानाच्या नव्या वहीवर ‘श्री’ लिहिण्याचा मान आजवर त्यांचाच होता. यंदा तो मोठ्या मुलाने घ्यायचे घरात ठरून गेले होते. बाबूजींना ते कोणी सांगितले नव्हते. त्यांना ते कळले मात्र होते.

व्यवसायोपचारतज्ज्ञांना तिने ही इच्छा कळवली. आराखड्यात लेखनाचा सराव आला. आधी पाटीवर डाव्या हाताने रेघा, मग अक्षरे. दिवस लहान होत गेले तसे ताट वाढण्याची वेळही अलीकडे आली. जेवण आता पंचवीस मिनिटांत होई.

दिवाळीच्या दिवशी सहायिका तेथे नव्हती. पुढच्या भेटीत काकूंनी स्वतः वही आणून तिच्यापुढे उघडली. अक्षर वाकडे होते, वेलांटी लांब गेली होती. लिहिताना हात थरथरला, तेव्हा मोठा मुलगा मनगट धरायला पुढे झाला होता, असे काकूंनी सांगितले.

“मग?”

“मीच म्हटलं, थांब रे. लिहू दे त्यांना.”

बाबूजींच्या उजव्या हाताची बोटे आजही पुरती उघडत नाहीत. चालताना काठी लागते. सहायिकेने आपल्या नोंदवहीत त्या दिवशी एवढेच लिहिले : डाव्या हाताने लिहिले, पान उजव्या हाताने दाबून धरले, मदत घेतली नाही.