फळ न देणारें झाड

सिंधुदुर्ग जिल्ह्यांत, सह्याद्रीच्या पायथ्याशीं माझें आजोळ आहे. घरामागें ओढा आणि ओढ्यापलीकडे सदाहरित रान. त्या ओढ्याच्या कांठीं रानजायफळाचीं दोन उंच झाडें होतीं. एक फळांनीं भरून जाई. फळ उकललें कीं बियेवरची तांबडी रामपत्री दिसे. आजी ती वाळवून बाजारांत धाडी. दुसऱ्यास फुलें पुष्कळ येत, परंतु फळ एकहि नाहीं.

एका वर्षीं घराच्या डागडुजीस लांकूड हवें होतें. आजोबांनीं मला सहज विचारलें, "बाळ, यांतलें कोणतें तोडूं?" मीं तत्काळ त्या वांझ झाडाकडे बोट दाखविलें.

पुढील वर्षीं राहिलेल्या झाडाचा बहर गळून गेला. मूठभरहि रामपत्री मिळाली नाहीं. कारण मला शाळेंत वनस्पतिशास्त्राच्या तासास कळलें. रानजायफळांत नर व मादी झाडें निरनिराळीं असतात. नराच्या फुलांतील पराग बारीक किडे मादीच्या फुलांपर्यंत नेतात, तेव्हांच फळ धरतें. जवळपास दुसरें नर झाड नव्हतें. ज्यास मीं निरुपयोगी ठरविलें, त्याच्याच बळावर दुसरें फळत होतें!

फळ धरल्यावरहि काम संपत नाहीं. बी आईच्या सावलींतच पडली तर बहुधा किडींच्या तोंडीं जाते, आणि वाळली तर रुजतच नाहीं. एवढी मोठी बी गिळून दूर नेणारे पक्षी थोडे; त्यांत धनेश मुख्य. विणीच्या दिवसांत त्याची मादी झाडाच्या ढोलींत स्वतःस कोंडून घेते, आणि नर बारीक फटींतून तिला फळें भरवितो. पत्री पचते, बी शाबूत बाहेर पडते. त्या उन्हाळ्यांत धनेश आमच्या ओढ्यावर फिरकले नाहींत.

हें सारें मीं आजोबांना सांगितलें. ते रागावले नाहींत. दुसऱ्या दिवशीं ते रानांत गेले व रानजायफळाचीं सहा रोपें घेऊन आले. रोप नर कीं मादी, हें पहिलें फूल येईपर्यंत कळत नाहीं, म्हणून सहा. आम्हीं दोघांनीं तीं ओढ्याकांठीं लावलीं. तीं फुलावयास पुष्कळ वर्षें लागतील, आणि आजोबांचें वय आतां ऐशींच्या घरांत आहे. तरीहि ते रोज सकाळीं कळशी घेऊन जातात. सुट्टींत मी त्यांच्या मागून जातों, आणि कोणतें झाड कामाचें, हें आतां चटकन सांगत नाहीं.