हट्टाला वळण

वाशीच्या परिसरात बालाघाटचे डोंगर आहेत. तेथील माळरानावर मेंढ्या चारणाऱ्या धनगराला लांडग्याचे भय. म्हणून तो कुत्रा पाळतो. पिल्लू असते लहान, पण मोठे हट्टी! हाक मारावी तर पळते, कोकरांच्या मागे लागते. जाणता धनगर काठी उगारीत नाही. खोडी केली, की तो पिल्लाला मुकाट्याने दूर नेतो; हाकेसरशी आले, की तत्क्षणी भाकरीचा तुकडा देतो. हाक आणि भाकरी यांची सांगड अशी पक्की होते. १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळविणारे रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांनीही कुत्र्यांवरील प्रयोगांतून अशीच सांगड दाखवून दिली.

धनगर पिल्लाचा हट्ट मोडीत नाही, वळवितो. ज्या हट्टाने ते आज हाकेला दाद देत नाही, त्याच हट्टाने उद्या त्याला लांडग्यापुढे ठाण मांडावयाचे असते.