कच्च्या वहीचं देणं

इंदापूर तालुक्यातल्या आमच्या शाळेत प्रकल्प म्हणजे दुकानातून आणलेली चित्रं आणि गाइडमधून सुवाच्य अक्षरात उतरवलेला मजकूर. गुणही अक्षरालाच मिळायचे. दुसऱ्याचं लिहिलेलं आपलं म्हणून देण्यात काही गैर आहे, हे नववीपर्यंत माझ्या मनातही आलं नव्हतं.

नववीत विज्ञानाला नवे सर आले. त्यांनी आम्हाला राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेसाठी प्रकल्प करायला सांगितला. ही परिषद १९९३ पासून भरते. मुलांनी आपल्या परिसरातला प्रश्न घेऊन स्वतः पाहायचं, मोजायचं, असं तिचं स्वरूप. सरांनी आमच्या गटाला नीरा डाव्या कालव्याखालच्या खारवट-चोपण जमिनी घ्यायला लावल्या. उसाला वारेमाप पाणी आणि निचरा नाही, म्हणून क्षार वर येतात आणि उन्हाळ्यात रानावर पांढरा थर धरतो. तो थर तुडवतच आम्ही शाळेत जायचो.

माती घ्यायची रीत सरांनी बांधावर बसून शिकवली. व्ही आकाराचा वीतभर खड्डा, त्याच्या कडेची माती घमेल्यात, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, अर्धा किलो उरेपर्यंत. नोंद तिथल्या तिथे कच्च्या वहीत. घरी जाऊन आठवून लिहायचं नाही. आकडा चुकला तर खाडाखोड नाही, एक रेघ मारायची आणि शेजारी नवा लिहायचा.

एका नमुन्यात, रान कालव्याला लागून असूनही, क्षार कमी निघाले. तो वगळला की आलेख देखणा होत होता. मी तसं सुचवलंही. सर एवढंच म्हणाले, "पुन्हा माती आण." पुन्हा तेच निघालं. अहवालात वाक्य गेलं : या नमुन्याचं कारण आम्हाला सापडलं नाही. मला त्या वाक्याची लाज वाटत होती. सरांनी ते स्वतः मोठ्यानं वाचून दाखवलं.

त्याहून मोठा धडा एका आजोबांच्या रानात मिळाला. माती घेऊ दिली, पण म्हणाले, "पोरांनो, रान चोपण म्हणून कागदावर आलं, तर उद्या विकताना भाव पाडतील." आमच्या आकड्यांनी कुणाचं नुकसान होऊ शकतं, हे मला सुचलंच नव्हतं. सरांनी अहवालातून जमिनींचे गट नंबर काढून रानांना अ, ब, क अशी नावं दिली. आभारात आजोबांचं नाव घालू का, हे वेगळं विचारलं. अहवाल पाठवण्याआधी तो त्यांच्या ओट्यावर वाचला गेला; एका ठिकाणी आजोबांनी आमची चूक दुरुस्तही केली. पाणी आम्ही लिहिलं होतं त्याच्या किती तरी आधीपासून साचत होतं.

पुढे शेतीच्या शिक्षणात कळलं, की नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर हॅरॉल्ड मान आणि ताम्हणे यांची पुस्तिका १९१० मध्येच निघाली होती. आपण नवं काही केलं, या समजुतीत मी होते. हिरमुसून सरांना फोन केला, तर त्यांना आनंद झाला. "आता लिहिताना त्यांचं नाव आधी घे, आणि त्यांनी जिथे सोडलं तिथून पुढे बघ."

आज बारामतीत मी शिकवते. मुलं मोबाइलवरून मिनिटात अख्खा अहवाल आणतात. मला त्यांचा राग येत नाही, कारण त्या वयात मीही तशीच होते. मी त्यांना घेऊन रानात जाते. आणि माती घेण्याआधी मालकाची परवानगी मुलांनीच मागायची, हा सरांचा नियम मी अजून मोडलेला नाही.