पिवळा उजेड

आज दिवाणखान्यातली ट्यूबलाइट उतरवली. डोंबिवली पूर्वेच्या या घरात २२ वर्षं तिचाच उजेड. लोडशेडिंग संपून ती लागली की अख्ख्या इमारतीतून पोरांचा ओरडा उठायचा; आई मात्र आधी देवाकडे बघून हात जोडायची.

नवे दिवे घ्यायला गेलो, तर दुकानदार झुंबरं दाखवत होता. आमच्या नऊ फुटी छताला ती शोभत नाहीत, हे माझं ठाम मत. छताच्या कडेला लपवलेली एलईडी पट्टी आणि जेवणाच्या टेबलावर एकच लोंबता दिवा घेतला. खोक्यावर वॉटसोबत केल्विनचा आकडाही वाचायचा असतो, हे मला फार उशिरा कळलं. ६५०० म्हणजे कचेरीतला पांढराफटक उजेड. २७०० म्हणजे जुन्या तारेच्या बल्बचा, समईच्या जवळ जाणारा. सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९०च्या वर असला, तर ताटातली कोथिंबीर हिरवीगार दिसते आणि माणसांचे चेहरे निस्तेज दिसत नाहीत.

रात्री लेक लोकलच्या गर्दीतून दमून आली. दारातच थबकली. म्हणाली, "बाबा, आता परत ती ट्यूब लावू नका." मग आम्ही कितीतरी वेळ तसेच बसून राहिलो.

तिच्या अभ्यासाच्या टेबलावर मात्र ४०००चा दिवा ठेवलाय.